ऑडॅसिटी: लॅबमधून आपल्या लॅपटॉपवर

‘एडिटिंग कशात शिकू?’ असं तुम्ही विचारलंत की मी अजूनही ऑडॅसिटीच सांगतो. गंमत म्हणजे, ते नवशिक्यांसाठी बनलंच नव्हतं. १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ते संशोधनासाठी सुरू केलं. २००० मध्ये कोडसकट सगळ्यांना फुकट दिलं. पण इफेक्ट लावला की ट्रॅकच बदलायचा. फसलं तर अन्डू मारत बसा! आवाज चालू असतानाच इफेक्ट कमीजास्त करणं २०२२ च्या ३.२ मध्ये जमलं. फारच उशीर, माझ्या मते.

त्याआधी, २०२१ मध्ये, म्यूझ ग्रुपने ते ताब्यात घेतलं. वापराची माहिती गोळा करायचा प्रस्ताव आला, लोक भडकले, प्रस्ताव मागे गेला. कोड खुला, म्हणून नाराज मंडळींनी टेनॅसिटी नावाची वेगळी आवृत्तीही काढली. मोबाइलवर मात्र ऑडॅसिटी चालत नाही, लॅपटॉप लागतोच.