राजाश्रय आणि शासनाश्रय यांच्या संधिकालातील मल्ल: खाशाबा जाधव यांचे उत्तरायुष्य

दि. २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी येथील ऑलिंपिक स्पर्धेत खाशाबा दादासाहेब जाधव यांनी कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसरे मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. या पराक्रमाचे वर्णन पुष्कळ झाले आहे. त्यानंतरच्या बत्तीस वर्षांकडे मात्र केवळ उपेक्षेची करुण कथा म्हणूनच पाहिले जाते. ती उपेक्षा कशामुळे घडली, हा खरा इतिहासाचा प्रश्न होय.

करवीर संस्थानात मल्लविद्येला राजाश्रय होता. शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान हे त्याचे ठळक प्रतीक. १९४८ च्या लंडनवारीचा खाशाबांचा खर्चही कोल्हापूरच्या महाराजांनीच सोसला. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि हा आधार संपला. १९५२ मध्ये राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. इतर मदत लोकवर्गणीतून आली. परतल्यावर बैलगाड्यांची भव्य मिरवणूक निघाली. पुढे कुस्त्यांचे फड भरवून खाशाबांनी ते ऋण फेडले. सत्कार लोकांनी केला, कर्ज मात्र मल्लाने वारले.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ ची मेलबर्न स्पर्धा हुकली. सुमारे २७ वर्षांच्या नोकरीत बढती उशिरा मिळाली. सेवेच्या अखेरीस ते साहाय्यक पोलीस आयुक्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना खटपट करावी लागली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला.

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला, तेव्हा खाशाबांचा स्पर्धाकाळ सरला होता. आजीवन योगदानासाठीचा ध्यानचंद पुरस्कार २००२ मध्ये आला. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांच्या नावाचे कुस्ती संकुलही दिल्लीत २०१० मध्येच झाले.

तात्पर्य, एक आश्रय लयास गेला आणि दुसरा आकारास येण्यापूर्वीच हे आयुष्य व्यतीत झाले. राजाश्रय मल्लाचे पोषण करी. शासनाश्रय प्रारंभी केवळ विजयाची नोंद घेई. विजयानंतरच्या माणसाची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर त्या संधिकालात कोणत्याही नियमात नव्हते. ते एका प्राचार्याच्या गहाणखतात होते.