पल्ला : एक सुलतान, एक पीर आणि एक बंधारा

सातवीच्या वर्गात मुहम्मद तुघलक आला की हशा पिकतो. दिल्लीहून दौलताबादला नेलेली राजधानी, तांब्याची नाणी, 'लहरी सुलतान' हे शब्द मुलांना पाठ असतात. यंदा एका मुलीने विचारलं, "सर, तो वारला कसा?" मी म्हणालो, "सिंधू नदीच्या काठी, मासा खाऊन." मुलं पुन्हा हसली. मी मात्र त्या माशाच्या मागे लागलो.

गुजरातेतला बंडखोर तगी पळून सिंधमध्ये ठठ्ठ्याच्या आश्रयाला गेला होता. त्याच्या पाठलागावर सुलतान फौजेसह सिंधूकाठी पोहोचला. महिना मुहर्रमचा, हिजरी ७५२, म्हणजे मार्च १३५१. आधीच्या आजारातून तो नुकताच उठला होता. तरी त्याने आशूराचा रोजा धरला आणि रोजा सोडल्यावर मासा खाल्ला. ताप उलटला आणि काही दिवसांत त्याचं निधन झालं. हे लिहून ठेवलं आहे त्याच्याच दरबारातल्या झियाउद्दीन बरनीने. तो मासा पल्लाच असणार असं पुढच्या लोकांनी ठरवलं. सिंधूकाठी पाहुण्यापुढे दुसरं काय ठेवणार?

पल्ला म्हणजे बंगालचा इलिश. आपल्या कोकणात त्याला पाला म्हणतात. काटे फार, पण चव आणि गाबोळी अशी की खाणारा काट्यांची तक्रार करत नाही. हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीच्या गोड्या पाण्यात उलटा चढतो. त्याच्याच कुळातला शॅड अमेरिकेतल्या नद्यांत वसंतात चढतो. तिथले शौकीन कमरेइतक्या पाण्यात उभे राहून, पिसांची खोटी माशी बांधलेल्या गळाने तो धरतात. पल्ला सहसा गळाला लागत नाही, कारण तो पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. म्हणून सिंधूच्या मोहाणा कोळ्यांची रीत वेगळी होती. मातीच्या मोठ्या घड्याच्या तोंडावर पोट टेकून कोळी प्रवाहात तरंगायचा, पायांनी पाणी मारायचा आणि लांब काठीला बांधलेलं जाळं खाली सोडायचा. मासा सापडला की तो त्याच घड्यात टाकायचा. म्हणजे एकच घडा त्याची होडीही आणि टोपलीही! एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशांनी हे दृश्य मोठ्या नवलाने वर्णन केलं आहे.

सक्कर आणि रोहडीच्या मधल्या बेटावर जिंदा पीरांचं स्थान आहे. मुसलमानांसाठी ते ख्वाजा खिज्र. सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अ.स.) यांच्या प्रवासात मासा निसटून पाण्यात जातो आणि तिथेच त्यांना अल्लाहचा एक ज्ञानी बंदा भेटतो. कुरआनात त्याचं नाव नाही. परंपरा त्याला खिज्र म्हणते. सिंधी हिंदूंसाठी तेच उडेरोलाल, झूलेलाल, पल्ल्यावर बसलेले. पल्ला पीरांच्या सलामीला नदी चढतो आणि परत जाताना त्यांना पाठ दाखवत नाही, असं दोन्हीकडचे लोक सांगत. सगळं गोडच होतं असंही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जागेवरून वाद झाला आणि हिंदूंनी काठावर वेगळं मंदिर बांधलं. माशाची गोष्ट मात्र दोघांचीच राहिली.

पल्ल्याची वाट अडवली ती बंधाऱ्यांनी. पूर्वी तो पार मुलतानपर्यंत जाई. १९३२ मध्ये सक्करचा लॉइड बंधारा सुरू झाला. हे नाव मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचं, कारण १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. म्हणजे या कामाचे कागद आपल्या मुंबईतून हलले होते. मग १९५५ मध्ये त्याच्याही खाली कोटरीचा बंधारा झाला आणि पीरांच्या बेटापर्यंतची वाटच बंद झाली. शॅडच्या कुळातले मासे सामनसारखे उड्या मारून भिंत चढत नाहीत. बंधाऱ्यांनी लाखो एकर शेती भिजवली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कोटरीच्या खाली वर्षातले कित्येक महिने नदी जवळजवळ कोरडी असते, समुद्राचं खारं पाणी आत शिरतं आणि मोहाण्यांची पुढची पिढी मजुरीला शहरात जाते. १९९१ च्या पाणीवाटप करारात समुद्राकडे पाणी सोडण्याची गरज मान्य झाली, पण किती सोडायचं हा वाद मिटला नाही. आपल्याकडे गंगेवर १९७५ मध्ये फरक्का झाला आणि अलाहाबादपर्यंत जाणाऱ्या इलिशची तीच गत झाली.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी उल्हासनगर वसवलं. तिथल्या दुकानांत आजही झूलेलालची तसबीर दिसते, खाली पाणी आणि पाण्यात पल्ला. पुढच्या तासाला मी मुलांना ती तसबीर दाखवणार आहे. सुलतानाला हसून झालं असेल तर आता या माशाबद्दल विचारा, असं सांगणार आहे.