सुताराचा मुलगा आणि ओल्डहॅमची कंपनी

गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातल्या एका पोराने शाळेचे घड्याळ खोलले. पुन्हा जुळवताना दोन चाके उरली. मी त्याला फार बोललो. पण रात्री झोप लागेना. कारण नेमका तेव्हाच मी साकिची तोयोदाची हकीकत वाचत होतो.

हा १८६७ साली जपानमधल्या एका खेड्यात, सुताराच्या घरी जन्मला. शिक्षण बेताचेच. आई हातमागावर राबे, ते तो रोज पाही. १८८५ साली जपानने पेटंटचा कायदा केला. जो नवे यंत्र काढील, त्याचा लाभ त्यालाच! ही वार्ता ऐकून पोरगा मागाच्या मागे लागला. बापाला ते खूळ वाटे. पण १८९१ साली त्याला पहिले पेटंट मिळाले, आणि १९२४ साली त्याचा स्वयंचलित माग तयार झाला. ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबे; धोट्यातले सूत संपत आले की चालत्या मागावरच नवा धोटा येई. १९२९ साली इंग्लंडातल्या ओल्डहॅमच्या प्लॅट कंपनीने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले.

आता गंमत पाहा. कावसजी दावरांनी १८५४ साली मुंबईत गिरणी उभारायला घेतली, तिची यंत्रे या प्लॅट कंपनीचीच. ओसाकाची मोठी गिरणी १८८३ साली सुरू झाली, तीही प्लॅटच्याच यंत्रांवर. म्हणजे गुरू एकच, आणि आम्ही तीस वर्षे आधीचे शिष्य! मग गुरूला विद्या विकण्याचा मान जपानला का मिळाला?

पारतंत्र्य हे मोठे कारण खरेच. लँकेशायरला धक्का लागू नये म्हणून १८९६ साली सरकारने आमच्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवला. जपानचे सरकार जपानचे होते. त्याने १८७२ साली गावोगाव शाळांचा कायदा केला. पुढच्याच वर्षी हेन्री डायर या स्कॉटिश शिक्षकाला आणून टोकियोत इंजिनिअरिंगचे शिक्षण सुरू केले. शाळा, कायदा आणि धडपड्या माणसाला भांडवल, ही तिन्ही जुळली तेव्हा तोयोदाच्या कारखान्यातून १९३३ साली मोटारींचे खातेही निघाले.

परंतु सारा दोष परक्यांच्या माथी मारून आपली सुटका नाही. यंत्र विकत मिळते. ते उघडून पाहण्याची ओढ विकत मिळत नाही. ती असली तर गरीब देश वर येतो. आणि ती मोडण्याचे काम माझ्यासारखे मास्तर फुकट करतात.

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ त्या पोरापुढे ठेवले. अजून ते दहा मिनिटे मागेच चालते. चालू दे.