दुधनीची पेठ

सोलापूरहून कर्नाटकातल्या वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर महाराष्ट्रातलं शेवटचं स्टेशन दुधनी. अलीकडे सोलापूर, पलीकडे कलबुर्गी. दोन मोठ्या शहरांच्या कैचीत सापडलेलं गाव एरवी कुणाचं तरी उपनगर होतं किंवा नुसतं थांब्यापुरतं उरतं. दुधनीला मात्र स्वतःची नगरपरिषद आहे आणि कृषी उत्पन्न बाजार समितीही. ही पेठ तीन गोष्टींवर उभी आहे: तूर, रूळ आणि हद्द.

इथली जमीन काळी, पाऊस बेभरवशाचा. तुरीचं सोटमूळ खोल जातं आणि पाऊस उघडल्यावरही खालच्या ओलीवर झाड तग धरतं. जून-जुलैत पेरलेली तूर डिसेंबर-जानेवारीत निघते. हद्दीपलीकडे कर्नाटकातल्या आळंद-अफजलपूरकडेही हेच पीक.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) कंपनीची रेल्वे 1860 मध्ये सोलापूरला पोचली. 1871 मध्ये ती रायचूरला मद्रास रेल्वेला जाऊन भिडली आणि या पट्ट्यातल्या मालाला मुंबई आणि मद्रास, दोन्ही वाटा खुल्या झाल्या.

हद्द रेल्वेहून जुनी. दुधनी ज्यात येते तो आजचा अक्कलकोट तालुका बहुतांशी भोसल्यांच्या अक्कलकोट संस्थानातला. पलीकडे निजामाचा मुलूख. 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, 1956 मध्ये गुलबर्गा (आजचा कलबुर्गी) जिल्हा म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला. सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या 1967 च्या अहवालाने तर अक्कलकोट तालुकाही म्हैसूरला द्यावा, असं सुचवलं. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. हद्दीचा वाद काहीही असो, शेतकऱ्याचा हिशेब साधा: जिकडे भाव, तिकडे गाडी.

हंगामात अडत्याच्या दुकानापुढे तुरीचे ढीग लागतात. खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर पसरतो, एखादा दाताखाली फोडून ओल किती ते बघतो, मग बोली लावतो. घरात कन्नड, कागदावर मराठी, आणि भावाची घासाघीस जी समोरच्याला कळेल त्या भाषेत. पुढे तोलाई, हमाली वजा होऊन हिशेबाची पट्टी हातात पडते. पेरणीच्या वेळी घेतलेली उचलही बऱ्याचदा त्याच पट्टीतून फिटते.

2019 मध्ये गुलबर्गा तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही कर्नाटकातल्या तुरीपुरतं. बांधाच्या अलीकडेही माती काळीच आणि तूरही तीच. पण दुधनीच्या ढिगाला ते नाव लावता येत नाही. शेजाऱ्याच्या नावाला चढा भाव मिळू लागला, तर ‘जिकडे भाव, तिकडे गाडी’ हा जुना नियम दुधनीवरच उलटू शकतो.