चांद्याचे खनिज, नागपूरची पदवी

अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलाने विद्यापीठ कोणते निवडावे, हा प्रश्न पुण्या-मुंबईत गुण, फी आणि नोकरी यांच्या हिशेबाने सुटतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलपट्ट्यातल्या जिल्ह्यांचा इतिहास पाहिला तर तिथे ही निवड बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्या हाती नव्हतीच. ती राज्यांच्या आणि विद्यापीठांच्या सीमा आखणाऱ्यांनी आधीच केलेली असे. माझे म्हणणे असे की या भागात पदवीची वाट मोकळी झाली ती विद्यापीठ बदलल्यामुळे नाही, महाविद्यालय एसटीच्या टप्प्यात आल्यामुळे. आणि विद्यापीठाची सीमा आडवी आली ती पदवीच्या कागदावर कमी, प्रवेशाच्या कोट्यात जास्त.

सुरुवात खनिजापासून करावी लागते. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा (आताचे चंद्रपूर) जिल्ह्यातल्या लोखंडावरचा अहवाल निघाला. नागपुरात एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेटजी टाटांच्या तो वाचनात आला. लोहाऱ्याला खनिज होते, वरोऱ्याला कोळसा होता, आणि १८७७ पासून वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वेही होती. पण वरोऱ्याचा कोळसा चाचणीत पोलादाच्या कामाचा निघाला नाही, खाणपरवान्याच्या अटीही जाचक होत्या, आणि बेत बारगळला. विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा पुन्हा चांद्यात शोध घेऊन गेले, पण कारखाना उभा राहिला तो दूर साकचीला. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली. या साऱ्या व्यवहारात अहवाल परदेशी माणसाचा आणि भांडवल मुंबईचे. इथले लोहार मातीच्या भट्टीत पिढ्यान्‌पिढ्या लोखंड गाळत आले होते, त्यांच्या मुलाला त्याच विद्येचे शास्त्र शिकायचे म्हटले असते तर जवळपास कुठे सोय नव्हती. पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण १८५४ पासून सुरू होते. पण ते मुंबई इलाख्यात, आणि चांदा मध्य प्रांतात.

खाण जिथे तिथे तंत्रशिक्षण आपोआप येते, असे मानण्याचा मोह होतो. विदर्भाचा अनुभव उलटा आहे. मँगनीजच्या खाणींत संपत्ती मिळवलेल्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये तंत्रशास्त्राची संस्था निघाली, ती नागपुरात. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये निघाले, ते जबलपूरला. राज्यपुनर्रचनेत १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि जबलपूर परराज्यात गेले. १९६० मध्ये नागपूरला विश्वेश्वरय्या प्रादेशिक महाविद्यालय उभे राहिले. शिक्षण पैशाच्या आणि सचिवालयाच्या मागे गेले, खनिजाच्या मागे नाही. सीमा हलली की विद्यार्थ्याची दिशा बदले, अंतर मात्र फारसे कमी होत नसे. चांद्याहून नागपूर दीडशे किलोमीटर, आणि सिरोंचा किंवा भामरागडच्या मुलाला आधी चांद्यापर्यंत पोचणे हाच एक प्रवास.

ही उणीव कुणाच्या ध्यानातच आली नव्हती, असे मात्र नाही. १९५३ च्या नागपूर करारात व्यावसायिक आणि शास्त्रीय शिक्षणाच्या संस्थांमधल्या प्रवेशात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे कलम होते. राज्यघटनेच्या ३७१(२) या कलमात तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींचा स्वतंत्र उल्लेख आहे. १९८४ च्या दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजताना तंत्रशिक्षणही मोजले. म्हणजे कागदावर हक्क तीस वर्षे होता. प्रत्यक्ष दार उघडले ते १९८३ मध्ये, आणि तेही वेगळ्याच कारणाने. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, आणि त्याच वर्षी चंद्रपुरात अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. आज ते राजीव गांधी यांच्या नावाने ओळखले जाते. औष्णिक वीज केंद्राचा पहिला संचही १९८३ चाच. गावाच्या एका अंगाला वीज तयार होऊ लागली आणि दुसऱ्या अंगाला ती शिकवली जाऊ लागली, हे चांद्याच्या इतिहासात पहिल्यांदा घडले. सरकारी महाविद्यालयाला मात्र १९९६ साल उजाडले. पुण्यानंतर १४२ वर्षांनी.

या दोन संस्थांनी काय बदलले हे समजायचे तर फीपेक्षा वसतिगृहाच्या खर्चाकडे पाहावे. मूल किंवा राजुरा गावची मुलगी रोज एसटीने चंद्रपूरला जाऊ शकते. नागपूरला जायचे तर खोली, खानावळ आणि वडिलांची संमती, तिन्ही लागतात. तिचे गुणपत्रक नागपूर विद्यापीठाचेच होते, पण चार वर्षे घरी राहून ते मिळत होते.

यानंतर २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ आले. नागपूर विद्यापीठातून हे दोन जिल्हे वेगळे काढून गडचिरोलीला मुख्यालय दिले. आपल्या जिल्ह्याचे विद्यापीठ असावे ही मागणी रास्त होती, आणि फेरगुणपडताळणीसाठी नागपूरच्या खेपा वाचल्या हेही खरे. पण राज्याच्या सामाईक प्रवेशप्रक्रियेत सर्वसाधारणपणे ७० टक्के जागा 'गृहविद्यापीठा'च्या विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना मिळतात. कालपर्यंत नागपूरच्या महाविद्यालयांत घरचा असलेला चंद्रपूरचा विद्यार्थी या रेषेमुळे तिथे बाहेरचा ठरला. बदल्यात चंद्रपूरच्या जागांवर त्याचा हक्क पक्का झाला. हा सौदा कुणाला लाभला? ज्याला घराजवळच शिकणे परवडते त्याला. गुणांनी वरचढ असून नागपूरची एखादी खास शाखा हवी असलेल्याला तो महाग पडला. सीमा आखताना या बाजूचा विचार पुरेसा झाला नाही, असे मला स्पष्ट वाटते.

त्यावर गुंता आणखी वाढला. २०१४ च्या कायद्याने लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला राज्यभर संलग्नता देण्याचा अधिकार मिळाला, आणि चंद्रपूर जिल्ह्यातली अभियांत्रिकी महाविद्यालये तिकडे वळली. आता बल्लारपूरचा विद्यार्थी कोट्यापुरता गोंडवानाचा असतो, पदवी मात्र रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातून येते. आक्षेप असा घेतला जाईल की तंत्रशिक्षणाला तंत्रविद्यापीठच हवे, अभ्यासक्रम तिथेच ताजा राहतो. तत्त्वतः मान्य. पण विद्यापीठ दोनदा बदलूनही प्रयोगशाळा, शिक्षक आणि भोवतालच्या खाणी त्याच राहिल्या. म्हणून विद्यार्थ्याने नावाआधी शाखेतले कायमचे शिक्षक किती आणि वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणीत किंवा वीज केंद्रात प्रशिक्षणाला खरोखर पाठवतात का, हे विचारावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्थानिक संस्थांचा आग्रह धरला तर इथली मुले खाणीच्याच चाकरीत अडकतील, हुशार मुलाने पुणेच गाठावे. ज्याला जमते त्याने जरूर गाठावे, त्याला अडवण्यात कुणाचेच हित नाही. पण जवळच्या महाविद्यालयातून संगणक किंवा अणुविद्युत शाखेची पदवी घेऊनही पुणे गाठता येते. लांबच्या महाविद्यालयात प्रवेशच घेता आला नाही तर काहीच गाठता येत नाही. आणि खाणीचे म्हणाल, तर एटापल्ली तालुक्यात सुरजागडचे लोहखनिज निघू लागले आहे, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला पोलाद प्रकल्प आला आहे. तिथे खोदाईची पद्धत, पाण्याची विल्हेवाट, डोंगराचे पुढे काय होणार, हे ठरवणाऱ्या टेबलावर इथला खाण अभियंता नसेल तर १८८२ सारखाच अहवाल पुन्हा बाहेरचा माणूस लिहील. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठाने लॉइड्स मेटल्सच्या सहभागाने तंत्रज्ञान संस्था उभी केली आहे, ती या दृष्टीने महत्त्वाची. कंपनीच्या पैशावरच्या संस्थेत कंपनीला अडचणीचे प्रश्न शिकवले जातील का, ही शंका योग्यच आहे, आणि तिचे उत्तर अभ्यासक्रम व नेमणुका विद्यापीठाच्या हाती राहतात की नाही यावर अवलंबून आहे.

मात्र या संस्थेच्या वर्गात भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याची किती मुले बसतील, हे विद्यापीठाच्या हाती नाही. अभियांत्रिकीच्या प्रवेशाला बारावीत गणित आणि भौतिकशास्त्र लागते, सोबत सीईटी लागते. आश्रमशाळेतून दहावी झालेल्या मुलाला अकरावीला विज्ञान शाखा, त्यात गणित शिकवणारा शिक्षक आणि प्रयोगशाळा तालुक्याच्या ठिकाणी मिळाली नाही तर तो कलाशाखेत जातो आणि वयाच्या सोळाव्या वर्षीच यादीबाहेर पडतो. १९८३ पर्यंत महाविद्यालयाचे जे अंतर चंद्रपूरला भोगावे लागले, तेच आज दक्षिण गडचिरोलीत कनिष्ठ महाविद्यालयाच्या विज्ञान वर्गाचे आहे, आणि पुढचा खर्च तिथे व्हायला हवा.