केममध्ये जागा घ्यायची? मधला माणूस नेमका कुणाचा, हे आधी विचारा

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातलं केम हे कुंकवासाठी ओळखलं जाणारं गाव. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर असल्यानं शहरात नोकरी करणाऱ्यांनाही इथे ये-जा करणं सोपं जातं. अशा गावात प्लॉट किंवा शेतजमीन घ्यायची म्हटलं, की पहिला फोन एजंटला जातो. पण आता 'प्रॉपर्टी फाइंडर' हा शब्दही कानावर येतो. दोघांत फरक काय आणि निवडायचं कुणाला?

फरक कशात आहे?

पारंपरिक एजंटकडे विकायला आलेल्या जागा असतात आणि तो त्यांना गिऱ्हाईक शोधतो. फाइंडरचं काम उलटं असतं. तो खरेदीदाराची गरज आणि बजेट ऐकून जागा शोधतो, भाव करतो आणि पैसे फक्त खरेदीदाराकडून घेतो. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात ही पद्धत रुळलेली आहे. आपल्याकडे मात्र अनेकदा एकच माणूस दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो.

दलालीचं गणित

समजा, जागा 20 लाखांची आहे आणि दलाली दोन्हीकडून 2 टक्के. एजंटला एकूण 80 हजार मिळतात. त्यानं घासाघीस करून भाव 18 लाखांवर आणला, तर तुमचे 2 लाख वाचतात, पण त्याचे 8 हजार कमी होतात. व्यवहार मोडला, तर हाती काहीच नाही. म्हणजे भाव पाडण्यापेक्षा व्यवहार उरकण्यात त्याचा फायदा जास्त.

टक्क्यांवर काम करणारा फाइंडरही याच गणितात अडकतो. म्हणून फी ठरावीक रकमेत ठरवलेली बरी.

दुसरा धोका मधल्या फरकाचा. मालकाशी 16 लाखांत ठरवून तुम्हाला 20 लाख सांगितले जाऊ शकतात. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 216 नुसार, एजंटनं तुम्हाला अंधारात ठेवून स्वतःसाठी व्यवहार केला, तर त्यातला फायदा तुम्ही मागू शकता. पण तो तुमचाच एजंट होता, हे दाखवायला लेखी करार हवा.

'रेरा' इथे लागू होतो का?

2016 च्या रेरा कायद्यात एजंट, ब्रोकर, मध्यस्थ असं कोणतंही नाव लावलं तरी नियम एकच. नोंदणीकृत प्रकल्पातली जागा विकायला किंवा घेऊन द्यायला महारेराची नोंदणी लागते. पण एखाद्या शेतकऱ्याची शेतजमीन किंवा गावठाणातलं जुनं घर हा 'प्रकल्प' नसतो. तिथे हे संरक्षण मिळत नाही.

मग तपासायचं काय?

- सातबारा आणि फेरफार: डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो. फेरफाराच्या नोटिसा 'आपली चावडी'वर दिसतात.
- वारस: बहिणींसह सगळ्या हिस्सेदारांची संमती किंवा हक्कसोडपत्र आहे का, हे पाहा.
- शेतजमिनीच्या अटी: शेतजमीन घ्यायला साधारणपणे खरेदीदार शेतकरी असावा लागतो. 2023 च्या अधिसूचनेनुसार जिरायतीसाठी किमान 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे क्षेत्र ठरलं आहे. कुणी 'तीन गुंठे घेऊन टाका' म्हणालं, तर आधी वकिलाला विचारा.
- हद्द: भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या.

निवडायचं कुणाला?

गावात तुमचं कुणी असेल, कागद वाचता येत असतील, तर स्थानिक एजंट पुरेसा आहे. कोणती जमीन विकायची आहे, कुठल्या बांधावर भांडण आहे, हे त्याला माहीत असतं.

तुम्ही लांब राहत असाल, तर तुमच्या बाजूचा माणूस हवाच. केमसारख्या गावात त्यासाठी फाइंडर शोधत बसायची गरज नाही. एजंटनं सुचवलेला नव्हे, तर स्वतः शोधलेला वकील ठरावीक फी देऊन नेमा आणि त्याच्याकडून 30 वर्षांचा शोध अहवाल घ्या. जागा एजंटनं दाखवावी, कागद वकिलानं पाहावेत.

मध्यस्थ कुणीही असो, दोन गोष्टी आधी लिहून घ्या: तो समोरच्याकडूनही पैसे घेणार आहे का आणि व्यवहार मोडला तर त्याला काय द्यायचं. इसाराची रक्कम मात्र थेट मालकाच्या बँक खात्यातच जमा करा आणि तीही वकिलानं कागद पाहिल्यावरच.