दादीची ‘पोलीस ॲक्शन’

मराठवाड्यात १७ सप्टेंबरला झेंडावंदन होते, स्वामी रामानंद तीर्थांवर भाषणे होतात. माझ्या वर्गातल्या बऱ्याच घरांत मात्र १९४८ सालाचे नाव ‘पोलीस ॲक्शन’ आहे. ‘पोलीस ॲक्शन के पहले’ आणि ‘बाद’ अशी वर्षे मोजणारी माणसे अजून आहेत.

१३ सप्टेंबरला फौज संस्थानात शिरली, १७ ला निजामाने शरणागती पत्करली. पुस्तक इथे थांबते. पुढच्या आठवड्यांत जे झाले त्याची चौकशी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने केली. २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत सर्वांत जास्त. तो अहवाल कित्येक दशके सरकारने प्रसिद्ध केला नाही. घरांनीही तेच केले.

नववीच्या मुलांना मी हा अहवाल आधी सांगत नाही. आकडा ऐकला की मुले घरी जाऊन आकडाच विचारतात. ‘काय झाले?’ हा प्रश्नही नको. ‘घर कुठे होते? पाणी कुठून आणायचे? शेजारी कोण?’ असे विचारा म्हणते. एका दादीने पाण्याचे विचारल्यावर गल्लीतली बावडी सांगितली आणि मग, न विचारता, त्या बावडीचे पाणी घरात का बंद झाले तेही सांगितले.

मोबाइलवरचे बोलणे मुले उर्दूत उतरवतात, मग मराठीत आणतात. दादी ‘नक्को’ म्हणते, मुले वहीत ‘नहीं’ लिहितात. मी ‘नक्को’च ठेवायला लावते. मराठीतून दखनीत गेलेला शब्द दुरुस्त कशाला करायचा?

आठवण म्हणजे दस्तऐवज नव्हे, हेही शिकवावे लागते. एकीच्या नानीने त्या वर्षी सुकडी खाल्ल्याचे सांगितले. सुकडी १९७२ च्या दुष्काळातली. आम्ही ते वाक्य खोडले नाही, समोर दुसरा रकाना आखला.

‘टीचर, रझाकार कोण होते?’ हा प्रश्न येतोच, आणि यायलाच हवा. कासिम रझवी लातूरचा वकील, हे आमच्या मुलांनी आमच्याच तोंडून ऐकावे. भारतात विलीन व्हा असे लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून २२ ऑगस्ट १९४८ ला झाला, हेही. म्हणून मुलांना शेजारच्या हिंदू आजोबांकडेही पाठवते. रझाकारांच्या भीतीने त्यांचे घरदार सरहद्द ओलांडून बार्शीकडे गेले होते. दोन्ही वह्या एकाच दिवशी वर्गात वाचल्या जातात. त्या दिवशी वर्गात गोंगाट नसतो. मग मी सुंदरलाल अहवालातली एक नोंद सांगते : काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले.

‘मॅडम, पुरानी जखम क्यों खोलते?’ असे एक पालक विचारून गेले. प्रश्न रास्त होता. तेव्हापासून नियम केला : म्हातारे माणूस गप्प झाले की रेकॉर्डिंग बंद, आणि वहीत नाव लिहायचे नाही.

त्या वेळी आठ वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशी पार गेली. यंदाच्या यादीत सहाच जण आहेत. दिवाळीच्या सुट्टीची वाट पाहू नका, येत्या जुम्म्यालाच जाऊन बसा, असे मुलांना सांगितले आहे.